उत्खननाची गोडी लागेल असा गेम सुचवा (मुलगा सहावीत, मुक्काम शहादा)

शहाद्याची_आई
राम राम मंडळी. सुट्टी लागल्यापासून मुलाच्या हातातला मोबाइल सुटत नाही. पण इतिहासाच्या पुस्तकातलं हडप्पा तो आवडीनं वाचतो आणि जमिनीखालची भांडी कोणाला कशी सापडतात, हे विचारत बसतो. गेम खेळणारच असेल तर पुरातत्त्वाकडे वळवणारा कोणता द्यावा? मारामारी नको. घरी अँड्रॉइड फोन आणि एक जुना लॅपटॉप आहे.

तापीकाठ
ताई, माइनक्राफ्ट द्या. विकत घ्यावं लागतं, पण फोनवर चालतं. ‘पीसफुल’वर ठेवलं की राक्षस येत नाहीत. जून 2023 मध्ये आलेल्या 1.20 आवृत्तीत उत्खननाचा भाग आला आहे. वाळवंटातल्या विहिरीच्या तळाशी ‘सस्पिशियस सँड’, म्हणजे आत काही दडलेली वाळू असते. तिच्यावर फावडं मारलं की आतली वस्तू गेलीच. पीस, तांबं आणि काडी जोडून ब्रश करायचा आणि धीरानं वाळू झाडत राहायचं, मग कधी कधी खापर निघतं. चार खापरं जुळवली की मडकं. माझ्या भाचीला यातून हात आवरायला आलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक मोठी उणीव मात्र आहे. खापर कुठे, किती खोल, कशाशेजारी मिळालं, हे गेम विचारतच नाही. खऱ्या उत्खननात सगळी भिस्त त्यावरच. प्रकाशे तुमच्या जवळच आहे. तिथे तापी-गोमाई संगमावरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडात पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी 1955 मध्ये खोदकाम केलं. तळाच्या थरात ताम्रपाषाण (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायच्या) काळातली रंगवलेली खापरं, त्याच्या वर लोखंड वापरणाऱ्या लोकांची वस्ती. थर न बघता नुसती खापरं गोळा केली असती, तर आधी कोण आणि नंतर कोण, हे कळलंच नसतं.

म्हणून गेमसोबत चौकटीची वही द्या. प्रत्येक खापराचं चित्र, जागेचे आकडे (सेटिंगमध्ये चालू केले की पडद्यावर दिसतात) आणि आजूबाजूला काय होतं ते लिहायचं. भाचीच्या वहीत एके ठिकाणी आहे, ‘विहिरीचा तळ. शेजारी काही नाही.’ काही नाही, हेसुद्धा तिला नोंदवावंसं वाटलं, याचा मला फार आनंद झाला.

गिरणेचा_पोऱ्या
ताई, मना आंडोर (मुलगा) बी तसाच शे! असॅसिन्स क्रीडची ‘डिस्कव्हरी टूर’ बघा, प्राचीन इजिप्तची 2018 मध्ये आली. मूळ गेममध्ये लढाया आहेत, यात एकही नाही. फिरायचं आणि माहिती ऐकायची. पण इंग्रजी आहे, तुम्हाला शेजारी बसावं लागेल. जुन्या लॅपटॉपवर बहुतेक चालणार नाही. खजिना उचलून पळायचे गेम मात्र देऊ नका, त्यात भिंती फोडणाराच हुशार ठरतो.

आणि त्याला आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याचं सांगा. एस. ए. साळी यांच्या उत्खननात तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, हजारो वर्षांपूर्वीचे, अश्मयुगातले. खान्देशात शहामृग होते म्हटल्यावर पोरं फोन खाली ठेवतात.

शहाद्याची_आई
शहामृगाचं सांगितल्यापासून प्रश्न थांबत नाहीत, भाऊ. त्याला प्रकाशे बघायला नेते. टेकाडावर खापर दिसलं तर उचलू द्यावं का?

तापीकाठ
नाही ताई. उकरायचं तर मुळीच नाही. शेजारी मापासाठी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढायचा, वहीत जागा लिहायची आणि खापर तिथेच राहू द्यायचं. कोणाला शेतात नाणी किंवा दागिना सापडलाच, तर 1878 च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जुन्या वस्तू जवळून दाखवायच्या असतील तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय आहे. निघण्याआधी वेळ विचारून घ्या.