परातीतला उकडा तांदूळ

दोन वर्षांच्या मुलीसाठी विकतचं सेन्सरी किट, म्हणजे स्पर्श, आवाज, वास अनुभवायला देणाऱ्या खेळण्यांचा संच, घ्यावं का, असं कुणीतरी विचारलंय. माझं मत, नको. आम्ही फोंड्याला राहतो. पावसाळ्यात अंगण बंद, तेव्हा घरातल्याच वस्तूंवर भागवलं.

परातीत कोरडा, न शिजवलेला उकडा तांदूळ आणि एक करवंटी, बस्स. नातू आधी नुसता हात खुपसून बसला. मग मूठ उंच धरून दाणे सोडायला लागला. करवंटीवर पडले की आवाज वेगळा, परातीवर पडले की वेगळा, हे त्याचं त्यालाच उमगलं. अर्धा तास जागचा हलला नाही! श्रावणात पातोळ्यांसाठी (हळदीच्या पानात उकडलेला गोड पदार्थ) आणलेलं हळदीचं पान दिलं, तर ते चुरगाळून स्वतः हुंगलं आणि मलाही हुंगायला लावलं. कणकेचा गोळा तर रोजचाच.

एक मात्र कळकळीने सांगते. चणे, वाटाणे, चिंचोके तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, नाकात-घशात अडकतात. तांदूळ दिला तरी शेजारी बसा. आणि पाण्याचा टब दिलात तर अजिबात उठू नका, दोन इंच पाणीही जीवघेणं ठरू शकतं. दारावरची बेल वाजली तर मुलाला कडेवर घेऊनच दार उघडा.