आवडत्या रॉक कलाकाराच्या प्रतिमेसाठी चाहता म्हणून आपण काय केले? अनुभव लिहावेत

रॉक कलाकाराची जनमानसातील प्रतिमा जाहिरातींतून जितकी घडते, तितकीच ती चाहत्यांच्या बोलण्यातून आणि वागण्यातूनही घडते. 1975 मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या दोन तरुण चाहत्यांनी स्थानिक रेडिओ केंद्राकडे ‘किस’ या बँडची गाणी लावण्याचा सतत आग्रह धरला आणि स्वतःला ‘किस आर्मी’ म्हणवून घेतले. पुढे तेच नाव बँडच्या अधिकृत चाहता संघटनेचे झाले. आपणही असे काही केले असेल, तर त्याचा उपयोग झाला की नुकसान, हे मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

*

माझा आवडता गायक गाणे मध्येच थांबवून पुढच्या रांगांकडे बोट दाखवत ओरडतो आहे, असा काही सेकंदांचा तुकडा सगळीकडे फिरू लागला आणि तो उर्मट असल्याचा बोभाटा झाला. त्या रात्री मी कठड्यापासून तिसऱ्या रांगेत होतो. रेटारेटीत एक मुलगी खाली पडली होती आणि तिला आधी बाहेर काढा, असे तो सुरक्षारक्षकांना सांगत होता. माझ्या फोनमध्ये त्या गाण्याचे सलग चित्रण होते. आवाज फाटलेला होता, चित्र हलत होते. तरीही मुलगी उठून अंगठा दाखवते आणि त्यानंतरच ड्रमर काठ्यांवर चार ठोके मोजतो, हे स्पष्ट दिसत होते. तिचा चेहरा धूसर करून मी ते चित्रण तारीख आणि ठिकाणासह टाकले, कोणालाही दूषण दिले नाही. पहिला तुकडा पसरवणाऱ्यांपैकी काहींनी तो आपणहून काढून टाकला.

*

माझ्या हातून नुकसान झाले आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. एका समीक्षकाने आमच्या लाडक्या बँडचा दुसरा अल्बम फिका ठरवला, तेव्हा आम्ही तीसेक जण त्याच्यावर तुटून पडलो. परिणाम असा झाला की त्यानंतर अल्बमविषयी कोणी लिहिलेच नाही. जे लिहिले गेले, ते आमच्या अर्वाच्य भाषेविषयी, आणि पुढच्या मुलाखतीत बँडला आमच्या वतीने दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या मुलाखतीतला गिटारवादकाचा उतरलेला चेहरा मी विसरलेले नाही. आता प्रतिकूल परीक्षण आले, तर मी एकच सभ्य पत्र लिहिते आणि त्यात कोणत्या गाण्यात कितव्या मिनिटाला काय ऐकावे, एवढेच सांगते.

*

आमचे काम नोंदींचे. प्रत्येक मैफलीतील गाण्यांचा क्रम, साथीदार, वाद्यांतील बदल आम्ही तारखेनुसार लिहून ठेवतो. ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी बँडने चाहत्यांना ध्वनिमुद्रणाची मुभा दिली, 1984 मध्ये त्यांच्यासाठी वेगळी जागाही राखली आणि फितींची देवघेव नफ्याविना व्हावी, एवढीच अपेक्षा ठेवली, प्रत्यक्ष मैफलीत सर्वस्व ओतणारा बँड अशी त्यांची जी ख्याती झाली, तिच्यामागे या फितींचा मोठा वाटा आहे. मात्र सगळेच कलाकार अशी मुभा देत नाहीत, म्हणून परवानगी विचारल्याशिवाय आम्ही काहीही प्रसारित करत नाही.

*

कलाकाराच्या नावाने लोकोपयोगी काम करणे मला सर्वांत परिणामकारक वाटते. 2009 च्या नाताळात ब्रिटनमध्ये ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या बँडचे जुने गाणे विक्रीत पहिले यावे म्हणून एका दांपत्याने मोहीम उभारली आणि तिच्याच जोडीने बेघरांसाठी निधी गोळा केला. गाणे पहिले आले आणि 2010 मध्ये बँडने लंडनमध्ये विनामूल्य मैफल केली. आम्ही सहा जण गायकाच्या वाढदिवसाला रक्तदान करतो. पहिल्या वर्षी फलकावर त्याचा फोटो मोठा आणि रक्तपेढीची माहिती बारीक अक्षरांत होती. पुढच्या वर्षी ते प्रमाण उलटे केले, तेव्हा त्याचे गाणे कधीही न ऐकलेली माणसेही आली.

*

आमचा गायक व्यसनमुक्तीचे उपचार घेत असताना रुग्णालयाबाहेर काढलेला त्याचा फोटो माझ्यापर्यंत आला. मी तो पुढे पाठवला नाही आणि पाठवणाऱ्यालाही तो पुसून टाकण्याची विनंती केली. वर्षभराने तो स्वतःच मंचावर त्या दिवसांविषयी बोलला. ते निवेदन आम्ही दोघींनी रात्रभर बसून शब्दन् शब्द उतरवून काढले आणि त्याच्या कार्यालयाची संमती मिळाल्यावर, काहीही न गाळता, सर्वांसाठी खुले केले.