परदेशी बांधकामावर स्वयंसेवक: परांचीवर चढायचं की नाही?

केतकी
परदेशातल्या एका घरबांधणी शिबिरात तीन आठवडे काम करून मागच्या महिन्यात परतले. दहाव्या दिवशी आमच्यातला एक मुलगा परांचीवरून पडला. उंची जेमतेम माझ्या डोक्याएवढी. फळी बांधलेली नव्हती, नुसती आडव्या बांबूंवर टेकवलेली होती आणि एका बाजूला हातभर बाहेर आली होती. त्या टोकावर त्याचा पाय पडला आणि फळी उलटली. मनगट मोडलं, डोकं थोडक्यात वाचलं.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. पडण्याआधी खालून एक गवंडी दोनदा ओरडला होता. आम्हाला वाटलं, तो विटा मागतोय.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ज्याला साइटवरची भाषा कळत नाही आणि ज्याने हे काम आधी केलेलं नाही, त्याने जमीन सोडू नये. परांची नाही, छप्पर नाही, शिडीवरून सामान देणंही नाही. मुकादमाने कितीही आग्रह केला तरी नाही. तुम्हाला काय वाटतं?

सुकाणू
त्या मुलाबद्दल वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. फळी बांधायची राहिली हा परांची लावणाऱ्याचा दोष, चढणाऱ्याचा नाही. जमीनच सोडायची नसेल तर इतक्या लांब जायचं कशाला? विटा वाहायला तिथे माणसं आहेत, आणि त्यांना मजुरीची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे.

१९२० साली पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवकांना घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दंजवळचं युद्धात उद्ध्वस्त झालेलं एक गाव उभं करायला घेतलं. ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या स्वयंसेवी संस्थेची सुरुवात तिथली. या कामाला शंभर वर्षांची परंपरा आहे, ती अंग राखून उभी राहिलेली नाही. दोन दिवस नीट शिकवा, परांची तपासायला शिकवा आणि मग चढू द्या. बंदी घालणं सोपं असतं, शिकवायला कष्ट पडतात.

ओळंबा
बांधकामावर बावीस वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. केतकी, तुमचा हेतू योग्य आहे, पण ‘जमीन सोडू नये’ म्हणताना जमीन सुरक्षित आहे असं तुम्ही धरून चालला आहात. तिथेच माझा विरोध आहे.

नवख्याच्या हातात हमखास फावडं देतात आणि त्याला पायाच्या चरात उतरवतात. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. कमरेपर्यंत गाडला गेलेला माणूस स्वतःहून निघू शकत नाही, आणि छातीवर माती आली की श्वास घेता येत नाही. अमेरिकेत १.५ मीटरपासून पुढच्या चराला, अखंड खडक नसेल तर, आधार देणं किंवा बाजू उतरत्या कापणं नियमाने बंधनकारक आहे. तुमच्या शिबिराच्या देशात नियम असो वा नसो, माती तेवढीच जड असते. काढलेल्या मातीचा ढीग चराच्या काठालाच लावलेला दिसला तर आत उतरू नका.

दुसरं म्हणजे ओलं सिमेंट. लोक त्याला चिखल समजतात. ते तीव्र अल्कली असतं, पीएच १२ ते १३. गुडघे टेकून कोबा करताना पँट भिजते, तेव्हा काही जाणवत नाही. संध्याकाळी कातडी जळल्याचं कळतं, तोवर उशीर झालेला असतो. गमबुटात कालवलेला माल गेला तर बूट लगेच काढायचा आणि स्वच्छ वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं पाय धरायचा. ‘एवढं संपवून धुतो’ म्हणणाऱ्यांचे पाय मी पाहिले आहेत.

आणि जुनं घर पाडून नवं बांधत असतील तर छपराच्या जुन्या सिमेंट पत्र्यांची चौकशी करा. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे बारीक तंतू असू शकतात. तो पत्रा फोडायचा नाही, कापायचा नाही, झाडूही मारायचा नाही. उंचीची भीती आपोआप वाटते, या धुळीची वाटत नाही.

मृणाल
माझा मुद्दा वेगळा आहे. आमच्या साइटवर आम्हा सगळ्यांना हेल्मेट, हातमोजे, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट. शेजारी तिथले गवंडी चपला घालून स्लॅबच्या कडेवर. आमच्या डोक्याला किंमत आणि त्यांच्या नाही? दुसऱ्या दिवशी मी हेल्मेट काढून ठेवलं. आजही मला ते बरोबर वाटतं. ज्यांच्यासाठी घर बांधतोय त्यांच्यापासून आपण काचेच्या भिंतीआड राहू नये.

केतकी
मृणाल, लाज मलाही वाटली होती. पण तुझ्या हेल्मेट काढण्याने त्यांच्या डोक्यावर हेल्मेट आलं का? उलट मुकादमाला दिसलं की पाहुण्यांनाही याची गरज वाटत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या बांधकामाविषयीच्या १९८८ च्या करारात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. सुरक्षेची साधनं कामगाराला फुकट मिळाली पाहिजेत, आणि गंभीर धोका समोर दिसत असेल तर काम सोडून बाजूला होण्याचा त्याला हक्क आहे. हे आपल्यासाठी नाही, त्या गवंड्यांसाठी लिहिलंय. आपण ‘नाही’ म्हटलं तर फार तर रुसवा होतो, त्यांची रोजी जाते. म्हणून तो ‘नाही’ आपणच मोठ्याने म्हणायला हवा.

मृणाल
हेल्मेटपुरतं मान्य. पण मग जाण्याआधी संस्थेला विचार की साधनं साइटवरच्या सगळ्यांना मिळणार आहेत का. फक्त आम्हालाच मिळणार असतील तर मी त्या शिबिराला जाणार नाही.

पाथेय
थोडक्यात. प्रवास विम्याचा कागद नीट वाचा. पुष्कळ पॉलिसींमध्ये अंगमेहनतीचं काम आणि उंचीवरचं काम वगळलेलं असतं. मोडलेल्या मनगटाचा खर्च कोण देणार हे निघण्यापूर्वी लेखी घ्या. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षं झाली असतील तर पुन्हा घ्या, गंजका खिळा पायात जाणं ही साइटवरची रोजची गोष्ट आहे. आणि साइटवर नेणाऱ्या टेम्पोच्या मागे उभं राहून जाऊ नका. सगळे परांचीबद्दल बोलतात, रस्त्याबद्दल कुणी बोलत नाही.

सुकाणू
ओळंबा यांचं वाचून एक मान्य करतो: ‘दोन दिवस’ मी घाईत लिहिलं. उष्ण देशात पहिले काही दिवस शरीरच तयार नसतं. नवख्याने पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम उन्हात करावं आणि रोज तेवढंच वाढवत जावं, अशी शिफारस आहे. म्हणजे पहिला आठवडा चढायचं नाही, हे पटलं. तीन आठवडे जमिनीवरच, हे अजूनही पटत नाही.

केतकी
आठवडाभर थांबलं तर ऊन सोसेल. भाषेचं काय? आमची दुभाषी एकच होती, तीही बहुतेक वेळ कार्यालयात.

ओळंबा
दुभाष्याची वाट बघू नका. पहिल्या सकाळी, हत्यार हातात घेण्यापूर्वी, मुख्य गवंड्यासमोर उभे राहा आणि त्याच्या भाषेत पाच शब्द पाठ करा: थांब. मागे हो. वर बघ. वीज. सोडू नको. त्याला ते नेहमी ओरडतो तसेच ओरडायला लावा, कारण ओरडताना शब्द वेगळा ऐकू येतो. मग तुम्ही ओरडा, त्याला कळतंय का बघा. माझ्या हाताखाली परप्रांतातून आलेल्या प्रत्येक बिगाऱ्याकडून मी हे करून घेतो. ज्याला पाचही शब्द ओळखता येत नाहीत तो त्या दिवशी विटा भिजवतो.