निस्टॅटिन-रोधक यीस्ट: हेटरोझायगोट ६० तासांनी वाढतो, मग एच किती धरायचा?

खमीर_डेस्क: बीवाय४७४१ (प्रयोगशाळेतला यीस्ट स्ट्रेन; हॅप्लॉइड म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच, मेटिंग प्रकार मॅट-ए) मधून निस्टॅटिन या बुरशीनाशकावर म्युटंट वेचले आहेत, सिक्वेन्सिंगमध्ये ईआरजी३ आणि ईआरजी६ (पटलातलं एर्गोस्टेरॉल बनवण्यातली जनुकं) मध्ये बदल दिसतात. बीवाय४७४२ (विरुद्ध मेटिंग प्रकाराचा स्ट्रेन) शी मेटिंग करून, लायसिन आणि मेथिओनिन दोन्ही नसलेल्या प्लेटवर डिप्लॉइड (दोन संच असलेले) निवडले. ९६ वेलची प्लेट, वायपीडीमध्ये (यीस्टचं नेहमीचं माध्यम) ४ मायक्रोमोलर निस्टॅटिन, ७२ तास ओडी (गढूळपणावरून वाढीचं मोजमाप). हेटरोझायगोटच्या (एक प्रत म्युटंट, एक निकोप) आठ वेलपैकी (प्लेटमधले खळगे) काही शेवटपर्यंत सपाट, काही ५०-६० तासांनी एकदम उसळतात. सरासरी काढली तर प्रभाविता गुणांक (एच; ० म्हणजे हेटरोझायगोट निकोपासारखा, १ म्हणजे दोन्ही प्रती म्युटंट असलेल्या होमोझायगोटसारखा) ०.३ येतो. याला अंशतः प्रभावी म्हणायचं का?

भागिले_शंभर: नाही. आणि ती सरासरी आधी पुसून टाका. खरोखर ०.३ असता तर आठही वेल थोड्याथोड्या, पण सारख्याच वेळी वाढल्या असत्या. तुमच्याकडे दोन प्रकारच्या वेल आहेत आणि सरासरीचा आकडा त्यांतल्या एकीलाही लागू नाही.

उशिरा उसळतात त्या वेलमध्ये बहुधा हेटरोझायगोसिटी गेलेली असते. माइटोसिसमधल्या (साध्या पेशीविभाजनातल्या) क्रॉसओव्हरमुळे (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) एखाद्या पेशीत निकोप प्रत निघून जाते, दोन्ही प्रती म्युटंट होतात आणि तीच एक पेशी पुढे वेल भरून टाकते. कुठल्या वेलमध्ये ती आधी निपजेल हा नशिबाचा भाग, म्हणून वेळ मागेपुढे होते. तपासायला फार लागत नाही: ७२ तासांनी वेलमधून वायपीडीवर रेघा ओढा, तीन-चार कॉलन्यांची पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवणं) आणि सँगर (त्यांचा क्रम वाचणं) करा. म्युटेशनच्या जागी एकावर एक दोन शिखरं दिसली तर अजून हेटरोझायगोट, एकच म्युटंट शिखर दिसलं तर गेला.

क्रॉसओव्हर सेंट्रोमिअर (विभाजनात गुणसूत्र जिथून ओढलं जातं ती जागा) आणि जनुक यांच्या मध्ये पडावा लागतो. ईआरजी३ १२व्या गुणसूत्रावर सेंट्रोमिअरपासून साधारण १०० किलोबेस लांब आहे, तर ईआरजी६ १३व्यावर सेंट्रोमिअरला जवळपास चिकटून. त्यामुळे या वाटेने ईआरजी३ चे हेटरोझायगोट जास्त वेळा उसळायला हवेत. तुमच्या वेल जनुकानुसार वेगळ्या मांडून बघा.

सायटॉक्स: त्याआधी एक शंका. वेचलेला म्युटंट अजून हॅप्लॉइडच आहे ना? हॅप्लॉइड यीस्ट लांब चाललेल्या प्रयोगात आपोआप डिप्लॉइड होतं, पण मॅट-ए/मॅट-ए असल्यामुळे मेटिंग बिनबोभाट करतं, आणि तुम्ही ज्याला डिप्लॉइड म्हणता तो ट्रिप्लॉइड असतो. ७०% इथेनॉलमध्ये पेशी स्थिर करा, आरएनेज द्या (आरएनए काढायला), सायटॉक्स ग्रीन (डीएनएला चिकटणारा रंग) लावून फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) माहीत असलेल्या हॅप्लॉइड आणि डिप्लॉइडशेजारी चालवा. टेट्रॅड (एका डिप्लॉइडपासून झालेले चार बीजाणू) फोडूनही कळतं: चारही बीजाणू जगले आणि रोधकता २:२ वाटली गेली तर एकच जनुक, आणि डिप्लॉइड खरा. ट्रिप्लॉइडचे बीजाणू बहुतेक मरतात. बीवायच्या पार्श्वभूमीवर बीजाणू मुळातच कमी होतात, तेव्हा १% पोटॅशियम अॅसिटेटमध्ये २५ अंशांवर पाच दिवस ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय झायमोलायेज (टेट्रॅडची भिंत विरघळवणारं एन्झाइम) वाया घालवू नका.

खमीर_डेस्क: होमोझायगोटचं अडलंय. ईआरजी६ म्युटंटचं म्युटंटशी मेटिंग जवळपास होतच नाही.

सायटॉक्स: एर्गोस्टेरॉलशिवाय फेरोमोनचा संदेश आणि पटलांचं जुळणं दोन्ही मंदावतं. हेटरोझायगोट डिप्लॉइडमध्येच युरा३ (युरासिल बनवण्यातलं जनुक) वाला, निकोप ईआरजी६ असलेला प्लाझ्मिड (गुणसूत्रांबाहेरचं डीएनएचं वर्तुळ) घाला आणि मग बीजाणू करा. प्लाझ्मिड बऱ्याच बीजाणूंत सोबत येतो. युरासिल नसलेल्या प्लेटवर ते निवडा, मेटिंग सुरळीत होईल. नंतर रात्रभर साध्या वायपीडीत वाढवून ५-एफओए (लिटरला १ ग्रॅम; युरा३ असलेल्या पेशींना मारतं) वर प्लाझ्मिड घालवा. फसगत होते ती इथे: प्लाझ्मिड असेपर्यंत म्युटंट बीजाणूही निस्टॅटिनवर निकोपासारखाच वागतो. जीनोटाइप पीसीआरनेच ठरवा, आणि प्रायमर (पीसीआर कुठून सुरू होईल ते ठरवणारे छोटे डीएनए) प्लाझ्मिडमधल्या तुकड्याच्या बाहेरचे हवेत. नाहीतर प्लाझ्मिडवरचीच प्रत वाचून सगळे निकोप दिसतील.

भागिले_शंभर: आता एच मोजण्याबद्दल. ज्या मात्रेत निकोप डिप्लॉइड वाढतच नाही तिथे स्पर्धा लावण्यात अर्थ नाही, संदर्भ स्ट्रेनच संपतो. निकोपाची वाढ निम्म्यावर येईल अशी मात्रा शोधा. तिन्ही डिप्लॉइड (निकोप, हेटरोझायगोट, होमोझायगोट) फ्लुओरेसंट संदर्भ डिप्लॉइडशी १:१ मिसळा आणि रोज १:१०० पातळ करा; एका दिवसाला ६.६४ पिढ्या. तीन दिवस पुरेत. जास्त ताणलंत तर पुन्हा हेटरोझायगोसिटी जाण्याची भानगड. समजा गुणोत्तर १ चं २ झालं, तर एस (दर पिढीमागचा फायदा) = ०.६९३ (२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम) भागिले १९.९ (तीन दिवसांच्या पिढ्या), म्हणजे ०.०३५. निकोपाचा एस दोघांतून वजा करा, मग हेटरोझायगोटच्या एसला होमोझायगोटच्या एसने भागा.

भागाकारातली चूक विसरू नका. होमोझायगोटचा एस ०.०३, हेटरोझायगोटचा ०.०१, दोन्हींत ±०.०१ चूक धरली तर एच ०.३३ ±०.३५, म्हणजे काहीच सांगता येत नाही. तेवढ्याच चुकीत एस ०.१० आणि ०.०३ असले तर ०.३० ±०.१०. फायदा मोठा असलेल्या म्युटंटचाच एच छापण्याजोगा.

पाटी_पेन्सिल: औषध नसलेल्या माध्यमातही हेच मोजा. ईआरजी म्युटंटला तिथे सहसा तोटाच असतो आणि त्या तोट्याचा एच फायद्याच्या एचइतकाच असेल असं नाही. जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेनने १९२७ मध्ये मांडलेलं गणित (फायद्याचं नवं म्युटेशन टिकण्याची संभाव्यता सुमारे २ × एच × एस) स्वैर मेटिंग करणाऱ्या समूहासाठी आहे. तुमच्या डिप्लॉइडला मेटिंगच नाही. त्याला आधी म्युटेशन आणि मग दुसरी प्रत घालवणं अशा दोन पायऱ्या चढाव्या लागतात. त्यामुळे उसळलेल्या वेल फेकू नका. त्यांची वेळ आणि संख्या वेगळी नोंदवा, ते स्वतंत्र मोजमाप आहे.

आणि निस्टॅटिन डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवून, फॉइल गुंडाळून, छोट्या वाटण्या करून गोठवा. उजेडात ते खराब होतं. निम्मं मेलेलं औषध आणि अंशतः प्रभावी म्युटेशन ओडीच्या आलेखावर सारखीच दिसतात.




खमीर_डेस्क: कंट्रोलमध्ये डीएमएसओ घातलाच नव्हता. प्लेट पुन्हा लावतो.