शब्दचर्चा: गायरान, गुरचरण, कुरण, माळ, पडीक

(नोंदवही, दप्तर, शेडापवना, झाडीपट्टी, तळकोकण ही चर्चेत बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

नोंदवही: लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडं-प्राणी-जमिनींची गावाने ठेवायची नोंद) गावाच्या सामाईक जमिनींचं पान लिहायचं आहे. बैठकीत एकाच तुकड्याला कोणी गायरान म्हणतं, कोणी गुरचरण, कोणी कुरण, कोणी माळ, आणि आराखड्यात तो 'पडीक' होतो. नेमका शब्द कोणता? आणि 'गावाच्या मालकीची जमीन' असं लिहिलं तर चालेल का?

दप्तर: मालकीचं आधी. तसं लिहू नका. सातबारा काढून बघा, भोगवटादाराच्या जागी बहुतेक ठिकाणी शासनाचंच नाव असतं आणि सोबत 'गुरचरण' किंवा 'गायरान' असा शेरा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 खाली जिल्हाधिकारी गुरांच्या मोफत चराईसाठी, सरपणासाठी, स्मशानासाठी जमीन राखून ठेवतात. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 51 प्रमाणे ती पंचायतीकडे निहित करता (कायद्याने सोपवता) येते, पण म्हणून पंचायत ती विकू शकत नाही. 'शासनाच्या मालकीची, गावाच्या सामाईक वापराची' हे बरोबर. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालात सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्याचा आधार घ्यायचा तर दप्तरी शब्द अचूक हवा.

गायरान आणि गुरचरण हे राखीव वापराचे शब्द, अर्थ एकच. 'माळ' हे जमिनीच्या रूपाचं नाव. 'पडीक' हा शेतीच्या हिशेबातला शब्द, म्हणजे पेरलेली नसलेली जमीन. जिथे कधी नांगर फिरलाच नाही, त्या माळाला पडीक म्हणणं मुळातच चूक.

शेडापवना: आणि ही चूक फार महागात पडते. 'पडीक' लिहिलं की पुढचं वाक्य ठरलेलं, 'विकास करावा'. मग त्यावर ग्लिरिसिडिया (गिरिपुष्प), सुबाभूळ लागते, सलग समतल चर खोदले जातात. चराच्या जागी गवताचे ठोंब उपटले जातात, उकरलेला मुरूम बांधावर पडून बाजूचं गवत दाबतो, आणि रिकाम्या मुरमावर पहिल्यांदा उगवतं ते गाजरगवत. झाडं मोठी झाली की सावलीत शेडा, पवना, डोंगरी, मारवेल टिकत नाहीत, कारण ही उन्हाची गवतं. माळढोक, धाविक, चंडोल या पक्ष्यांना उघडं रान लागतं, दूरवर नजर जायला हवी. दाट झाडीत ते राहत नाहीत. पाणी अडवायचं असेल तर ओघळीत दगडी बांध घाला, माळाच्या पाठीवर चर नकोत.

'कुरण' मात्र वेगळा शब्द आहे, त्यात राखण आहे. गवत वाढेपर्यंत गुरं बंद, मग विळ्याने कापणी, आणि कापणीनंतर चराई. मोकाट चरतो तो माळ, राखतो ते कुरण. गायरानाचा एखादा भाग कुरण म्हणून राखता येतो, म्हणून दोन्ही शब्द एकाच गटाला लागू शकतात.

नोंदवही: मग 'चराईबंदी' आणि 'कुरण राखणे' एकच का? हिवरे बाजारच्या संदर्भात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे शब्द नेहमी येतात.

शेडापवना: नाही. तिथेही गवत कापून न्यायची सोय होतीच, गुरं सोडायला बंदी होती. गवताला हात न लावणं म्हणजे संवर्धन, असा अर्थ लोक काढतात आणि तिथेच फसतात. दोन-तीन वर्षं न कापलेलं गवत वाळून ठोंबावर साचतं, नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, आणि वणवा लागला की सगळं एकदम पेटतं.

राखायची रीत अशी. गायरानाचे चार भाग करा. एक भाग पहिल्या पावसापासून बंद. जून ते सप्टेंबर माळावरच्या बऱ्याच पक्ष्यांची अंडी-पिल्लं जमिनीवरच असतात, म्हणून त्या भागात माणसांचीही वर्दळ नको. बी पिकून गळायला लागलं की, साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापणी. त्याआधी कापलं तर पुढच्या वर्षीसाठी बी जमिनीत पडत नाही, फार उशिरा कापलं तर गवताची काडी होते आणि गुरं तोंड लावत नाहीत. बुडाशी 8 ते 10 सेंमी खुंट ठेवायचा, जमिनीलगत खरवडलं तर शेडा-पवन्याचे डोळे मरतात आणि कुसळीचं, म्हणजे टोचऱ्या कुसांच्या हलक्या गवताचं, राज्य सुरू होतं. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद.

जिथे गवत पार गेलंय तिथे जवळच्याच माळाचं बी आणा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झोडून पोत्यात ठेवायचं, कारण ताजं बी लगेच उगवत नाही. जूनमध्ये माती-शेणखतात मिसळून फोकायचं. सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं की ते वर येत नाही, म्हणून नांगरट नको, नुसता काट्याचा फेसाटा (काटेरी फांदी) ओढा.

सगळं गायरान एकदम बंद करू नका. शेळ्या-मेंढ्यांवर जगणारं घर आणि वाघर (मेंढ्या कोंडायचं जाळं) घेऊन येणारे धनगर शेजारच्या गावच्या माळावर जातात, आणि तो दुप्पट चरला जातो.

झाडीपट्टी: आमच्याकडे आणखी एक शब्द आहे, 'झुडपी जंगल'. पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात चराईची, शेतीला न लागणारी झुडपांची जमीन अशी नोंदलेली आहे. नावात जंगल, ताबा महसुलाकडे, त्यामुळे दशकानुदशकं घोळ. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जमिनी वन समजाव्यात असं ठरवलं, म्हणून तो शब्द गायरान करून टाकू नका. वनहक्क कायदा 2006 खाली सामूहिक वनसंसाधनाचा दावा वनजमिनीवरच लागतो, साध्या गुरचरणावर नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये मिळालेला हक्क हा वनजमिनीचाच. 'निस्तारपत्रक' (जमीन महसूल संहितेचं कलम 161) आणि 'वाजिब-उल-अर्ज' (कलम 165) तहसील कार्यालयातून मिळवा. कोणती वाट, कोणतं पाणी, कोणतं सरपण कोणाचं, हे त्यात लिहिलेलं असतं.

तळकोकण: देवराईला आमच्याकडे 'देवरहाटी' किंवा 'राय' म्हणतात. 'गावऱ्हाटी' वेगळी, ती देवकार्याची रीत. नोंद करताना दोन्ही एक करू नका. देवरहाटीत नासाडी होते ती बहुधा भक्तीपोटी. पालापाचोळा झाडून जाळला जातो, बुंध्याभोवती फरशी बसते, नव्या सभामंडपासाठी जुनी झाडं जातात. पाला गेला की रोपं उगवत नाहीत, म्हातारी झाडं तेवढी उरतात. मंदिरापुरतं अंगण झाडा, बाकी पाला राहू द्या. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळांची दलदल देवराईतच टिकली, आणि आता ती जैवविविधता वारसा स्थळ आहे.

नोंदवही: 'अधिवास' हा शब्द गावात रहिवासी दाखल्यासाठी कळतो. 'वसतिस्थान' लिहू?

दप्तर: अधिवासच लिहा, नोंदवहीत तो रूढ आहे, सभेत मात्र 'राहण्याची जागा' म्हणा. एका गटाची नोंद अशी करता येईल: 'गट क्रमांक. दप्तरी नाव: गुरचरण. गावातलं नाव: वरचा माळ. अधिवास: गवताळ माळ, पूर्वेला ओघळ. मुख्य गवतं: शेडा, मारवेल, कुसळी. वापर: पावसाळ्यात चौथा हिस्सा बंद, दिवाळीनंतर कापणी, बाकी चराई. धोके: वेडी बाभूळ, वणवा. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत जाळून केलेली मोकळी पट्टी): आग हंगामाआधी, 15 फेब्रुवारीपूर्वी.' शेवटी ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक घाला आणि गटाचा नकाशा जोडा, म्हणजे हद्दीवरून पुढे वाद होत नाहीत.