संग्रहालयाच्या दारात तिकीट पाहिजेच कायले?

वावरवाला

सोयाबीन निघालं. भाव काय मिळाला ते विचारू नका. पण दिवाळीच्या सुट्टीत पोट्ट्यांना कुठंतरी नेतो असं पोळ्यापासून कबूल केलं होतं, म्हणून नेलं. आम्ही आर्वी तालुक्यातले. मी, बायको, माय आणि दोन पोट्टे, एक चौथीत, एक सहावीत. मुक्काम वर्ध्याला बहिणीकडे. दोन दिवसांत दोन ठिकाणं पाहिली आणि एक भांडण डोक्यात घेऊन घरी आलो. ते इथं टाकतो.

पहिल्या दिवशी नागपूर शहरातलं एक तिकिटाचं ठिकाण. नाव घेत नाही, कारण तक्रार त्याच्याबद्दल नाही. तिकीटही चहापाण्यात निघेल एवढंच. खिडकीत हात घालून मी "पाच" म्हणणार, तेवढ्यात मागून माय म्हणते, "तीनच घे. आम्ही दोघी बसतो पिशव्या घेऊन." बायकोनं मान हलवली. मी दोनदा चला म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत मागची रांग कुरकुरायला लागली. घेतले तीन. आत तासभर हिंडलो, पण अर्धं लक्ष बाहेर. परत आलो तर दोघी कडुनिंबाखाली बसून मुर्रा खात होत्या. मायनं विचारलं, "काय होतं?" पोट्टा म्हणाला, "दगडं होती."

दुसऱ्या दिवशी सेवाग्राम. तिथं खिडकीच नाही. फाटकातून माय पुढं आणि आम्ही मागं. बापू कुटीत चपला काढून शिरली आणि भुईकडे पाहून पहिलं वाक्य काय, तर "सारवण कोण करते इथं? कोपऱ्यात हात नाही पोचला." मग तिथल्या एका बाईशी शेण किती, माती किती यावर दहा मिनिटं बोलली. पोट्टे साप पकडायच्या लाकडी चिमट्यापाशी अडकले. साप मारायचा नाही, धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि लांब नेऊन सोडायचा, अशी तिथली रीत होती. धाकटा म्हणे, "आपल्या कोठ्यात निघाला तेव्हा हा पाहिजे होता." व्हाइसरॉयशी बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोनही पाहिला. पण गावी आल्यावर शाळेत चर्चा चिमट्याचीच.

तर माझं म्हणणं एवढंच. तिकीट पाचाचं असो का पन्नासाचं, खिडकीपाशी डोकी मोजली जातात, आणि मोजणीत पहिली गळते ती घरातली बाई. सरकारी संग्रहालयांचं तिकीट बंदच करून टाका.

हिशोबनीस

भाऊ, गोष्ट चांगली सांगितली, पण गणित चुकलं. आर्वीहून नागपूरला पाच जणांचं एसटीचं जाणं-येणं हजार-बाराशेच्या खाली होत नाही. तेही बायकांना आणि लेकरांना अर्धं तिकीट असताना. वरून नाश्ता, ऑटो. दोघांचा मजुरीचा दिवस बुडाला तो वेगळाच. एवढा खर्च करून तुम्ही दारापर्यंत आलात आणि दहा-वीस रुपयांनी अडलात? तिकीट माफ केलं तर तुमच्या सहलीच्या खर्चातला किती भाग वाचतो, ते कागदावर मांडा.

आणि तिकीट म्हणजे काही लूट नाही. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाच्या स्मारकांत 15 वर्षांखालच्या लेकरांना आजही तिकीट नाही. मोठ्यांनी थोडं द्यावं, त्यात कुठला अन्याय आला?

नलूकाकू, पुलगाव

वावरवाले भाऊ, तुमच्या मायला विचारलं का, ती बाहेर कायले बसली? मी सांगतो, कारण मीबी बसली होती, लय वेळा. तिकिटापायी नाही. एक तर पाय दुखतात. दुसरं म्हणजे हातात तीन पिशव्या, त्यात डबा, पाण्याची बाटली, लेकराचं स्वेटर. आत पिशवी नेऊ देत नाहीत आन् बाहेर ठेवाले जागा नाही. मंग कोण बसणार? माणूस बसते का कधी?

तिसरं सांगाले लाज वाटते, पण सांगतो. एसटीत तीन तास बसल्यावर बाईले आधी काय पाहिजे? नागपूरचं ते संग्रहालय, अजब बंगला, पाहिजे का? संडास पाहिजे. तो धड असला, त्याले आतून कडी असली, तर मी वीस रुपये तिकीट काढून जाईन. नसला तर फुकटातबी नाही जाणार.

वावरवाला

काकू, विचारलं. तुमची शपथ, तुम्ही सांगितल्यावर विचारलं. म्हणे "पिशव्या होत्या ना रे." तुमचा एक मुद्दा मान्य.

पण हिशोबनीस भाऊ, तुमचं एसटीचं उदाहरण तुमच्यावरच उलटते. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी माझी बायको वर्षातून दोनदा माहेरी जायची, आता महिन्या-दीड महिन्याला जाते. घरचं उत्पन्न तेवढंच हाय. वाचले किती, पाऊणशे? मग पाऊणशे रुपयांनी बाई घराबाहेर पडते, पण खिडकीवरच्या वीस रुपयांनी काहीच होत नाही, हे कसं?

सदर_नागपूर

नागपूरकर म्हणून दुसरी बाजू. अजब बंगला 1863 चा आहे, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. तिकीट नाममात्रच असतं. तेवढंही बंद केलं तर काय होईल? उन्हाळ्यात दुपारी सावली पाहिजे म्हणून लोक आत येऊन पंख्याखाली झोपतील, कोपऱ्यात खर्रा थुंकतील, हजार-बाराशे वर्षांच्या मूर्तीवर नाव कोरतील. अतिशयोक्ती नाही, शहरातल्या फुकट बागांची अवस्था पाहून बोलतोय. थोडे पैसे मोजले की माणूस जरा जपून वागतो.

भीमटेकडी

सदरवाले दादा, दीक्षाभूमीला तिकीट हाय का? 14 ऑक्टोबरला आणि दसऱ्याला तिथं किती लोक येतात ते तुम्ही गावातच राहून पाहता. खेड्यापाड्यातून, डोक्यावर बोचकी घेऊन. स्तुपाच्या आत कोण थुंकते? नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कोट, टाइपरायटर, रोजच्या वापराच्या वस्तू ठेवल्या आहेत. तिथं माझा बाप काचेपाशी हात जोडून उभा राहिला, बोटसुद्धा लावलं नाही. फुकट म्हणजे घाण हे समीकरण कोणी काढलं? ज्याला वस्तू आपली वाटत नाही तो थुंकते. तिकीट काढूनबी थुंकते. सिनेमा टॉकीजचे कोपरे पाहून घ्या.

सदर_नागपूर

दीक्षाभूमी श्रद्धेची जागा आहे, तुलना बरोबर नाही. तिथे कोणाला सांगावं लागत नाही. संग्रहालयातल्या ताम्रपटावर कोणाची श्रद्धा असते?

झेडपी_मास्तर

हाच खरा प्रश्न आहे आणि तुम्ही तो टोमणा म्हणून विचारला. ताम्रपटावर श्रद्धा नसते, कारण त्यात काय लिहिलंय ते कोणी सांगत नाही. आत पाटी असते: "ताम्रपट, वाकाटक". संपलं. मी पोरांना सांगतो की हा जुना सातबारा आहे. राजानं कोणाला कुठलं गाव दिलं, त्याच्या चतुःसीमा काय, कर कोणते माफ, सगळं तांब्यावर कोरलंय, कारण कागद सडतो आणि तलाठी बदलतो. हे ऐकलं की सहावीतला पोरगा काचेला नाक लावतो.

शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, म्हणून आम्ही नेतो तरी. नाही तर आमच्या गावातली निम्मी पोरं वर्धा-नागपूर लग्नाच्या वरातीतच पाहतात.

तिकीट ठेवा नाही तर काढा, माझं काही म्हणणं नाही. त्या पैशातून मराठीत, मोठ्या अक्षरात, चार ओळींची पाटी लावा. जमलं तर एक बोलणारा माणूस ठेवा. सेवाग्रामात वावरवाल्यांच्या मायला पाटी लागली नाही, कारण सारवण तिला वाचता येते. पवनारला विनोबांच्या आश्रमात शेतीचं खोदकाम करताना निघालेल्या जुन्या मूर्ती ठेवल्या आहेत, त्यातली भरत-भेटीची तर आवर्जून पाहण्यासारखी. तिथेही माणसं फुकट जातात, पण निम्मे लोक धाम नदीत पाय बुडवून परत येतात.

पुतण्या_लंडनात

माझा पुतण्या तिकडे नोकरीला आहे, मागच्या वर्षी महिनाभर राहून आलो. तिथलं ब्रिटिश म्युझियम 1759 ला उघडलं. मधले काही महिने सोडले तर आजवर फुकट. शास्त्राचं, निसर्गाचं, अशा काही मोठ्या सरकारी संग्रहालयांनी मध्यंतरी तिकीट लावलं होतं, ते 1 डिसेंबर 2001 पासून काढलं. रविवारी सगळं कुटुंब येतं, घरचा डबा खातं, पोरं जमिनीवर बसून चित्र काढतात. विशेष प्रदर्शनाला मात्र तिकीट, आणि दाराशी दानपेटी. पेटीत टाकायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, कोणी पाहत नाही.

आता ऐका. 1870 मध्ये बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया गावाजवळ गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून तांब्याचं टोक वर आलेलं दिसलं. उकरलं तर तांब्याच्या 424 वस्तू आणि चांदीच्या 102 चकत्या. कुऱ्हाडी, पहारी, हजारो वर्षांपूर्वीच्या. तेव्हा बालाघाट मध्य प्रांतात होतं आणि राजधानी नागपूर. त्यातल्या काही वस्तू नागपूरच्या अजब बंगल्यात आहेत, काही लंडनला. म्हणजे गुराख्याला सापडलेली कुऱ्हाड लंडनचा माणूस फुकट पाहतो, आणि त्याच गुराख्याच्या पणतूनं नागपुरात तिकीट काढायचं.

हिशोबनीस

वाक्य जोरदार, टाळ्या घ्या. पण लंडनचं फुकट हे फुकट नाही. ते तिथल्या लोकांच्या करातून चालतं. तो कर भरायला पगार लागतो, पगाराला नोकरी. आपल्याकडे शाळेची कौलं बदलायला पैसे नाहीत. संग्रहालयाचं तिकीट माफ केलं की पहिली कात्री कशाला लागेल? रखवालदाराला. मग दोन दालनं कायमची बंद, कुलूप लावून. हे होताना मी पाहिलंय, उगाच बोलत नाही.

शिवाय सेवाग्राम चालतं ते प्रतिष्ठानामुळे आणि देणग्यांमुळे, हेही लिहा की.

सिरोंचावाला

तुमचं नागपूर-वर्धा चालू द्या. आमच्या सिरोंच्यातून, गडचिरोलीच्या टोकावरून, सकाळी निघालं तर संग्रहालय बंद व्हायच्या वेळेला पोचतो आम्ही. तिकीट माफ करा नाही तर वरून शंभर रुपये द्या, आमची माणसं येणार नाहीत.

प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात बारापासॉरस नावाच्या डायनासोरची हाडं निघाली. बंगालीत "बड़ो पा" म्हणजे मोठा पाय, नाव तिकडच्या संशोधकांनीच ठेवलं, आणि सांगाडाही गेला कोलकात्याला. तिथल्या सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आमच्या पोट्ट्यांनी तो फोनवर पाहिला. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्मांची जागा राखली आहे, तिथं दगड झालेली झाडं पाहायला मिळतात. माझं म्हणणं, जिथली वस्तू तिथं एक खोली बांधा. गावातला माणूस सायकलवर जाईल. मग तिकिटाचं भांडण नागपूरवाल्यांनी घरीच मिटवावं.

झेडपी_मास्तर

सिरोंचावाले, खोली बांधणं सोपं, खोली उघडी ठेवणं कठीण. तालुक्याच्या जागी बांधलेली किती वाचनालयं आज उघडी आहेत? पण वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यातही डायनासोरचे अवशेष निघतात आणि तिथल्या पोरांना ते शाळेत सांगावे लागतात, हे मलाही खुपतं.

नलूकाकू, पुलगाव

पुन्हा येतो. एवढे सगळे पुरुष बोलले, लंडनले जाऊन आले, पण पिशव्या कुठं ठेवाच्या ते कोणी सांगितलं नाही.

सदर_नागपूर

काकू, खरं आहे. मी शहरात राहतो, हातात फक्त मोबाईल घेऊन जातो, त्यामुळे हे कधी डोक्यातच आलं नाही. तिकिटाबद्दल माझं मत तेच आहे. पण तिकीट घेत असाल तर त्यात पिशवी ठेवायची जागा, प्यायचं पाणी आणि कडीवाला संडास आलाच पाहिजे, हे मानतो.

हिशोबनीस

आठवड्यातला एक दिवस फुकट ठेवा, बाकी सहा दिवस घ्या. खर्च निघतो, गरिबाचंही होतं.

वावरवाला

नाही भाऊ. तो दिवस सरकार ठरवणार, आणि आमचा मोकळा दिवस पाऊस ठरवतो. वेचणीला मजूर आले नाहीत तर आज मोकळे, आले तर महिनाभर नाही. त्या एका दिवशी सगळा जिल्हा लोटणार, आणि त्या गर्दीत माय पुन्हा बाहेर बसणार.

काकूंचं मात्र पटलं. पुढच्या वेळेला पिशव्या बहिणीकडे ठेवून निघतो. मायला वर्ध्याचं मगन संग्रहालय दाखवायचं आहे. गांधीजींच्या हातून 1938 ला उघडलेलं, चरखे आणि गावातल्या कारागिरीच्या वस्तू असलेलं. तिथं खिडकी असो का नसो, या वेळेला आधी पाच म्हणतो आणि मागं वळून पाहत नाही. माय आत गेली की चरख्यांना काय नावं ठेवते ते येऊन लिहितो.