वायुवीजन टाकीतील तंतुमय जिवाणू क्लोरीनने रोखावेत का?

प्रश्न:
आमच्या सक्रिय गाळ पद्धतीच्या (म्हणजे हवा दिलेल्या टाकीत जिवाणूंच्या गाळाकडून पाणी स्वच्छ करून घेणाऱ्या) सांडपाणी प्रक्रिया केंद्रात तीन आठवड्यांपासून गाळ नीट बसत नाही. लिटरच्या मोजपात्रात अर्ध्या तासानंतरही तो ७५० मिलिलिटरवर राहतो. एमएलएसएस (टाकीतील पाण्यात तरंगणारे घन पदार्थ) ३००० मिलिग्रॅम प्रति लिटर असल्याने एसव्हीआय (बसलेला एक ग्रॅम गाळ किती मिलिलिटर जागा व्यापतो तो आकडा) २५० येतो. सूक्ष्मदर्शकाखाली गाळाच्या पुंजक्यांतून बाहेर आलेले लांब तंतू दिसतात. विरघळलेला ऑक्सिजन बहुधा लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खालीच असतो. वायुवीजन टाकीत थेट हायपोक्लोराइट (क्लोरीनचे जंतुनाशक संयुग) टाकण्याचा सल्ला मिळाला आहे. पण त्यामुळे उपयोगी जिवाणू मरणार नाहीत का?

उत्तर १:
आपली शंका रास्त आहे. थोडे तंतू हवेच असतात, कारण पुंजक्याचा सांगाडा त्यांचाच असतो. ते अतोनात वाढले, की पुंजके एकमेकांपासून दूर राहतात आणि गाळ फुगतो. ऑक्सिजन अपुरा असताना तो पुंजक्याच्या आतल्या जिवाणूंपर्यंत पोहोचत नाही, बाहेर पसरलेल्या तंतूंना मात्र मिळत राहतो, म्हणून मूळ कारण माझ्या मते अपुरी हवा हेच आहे. आधी ऑक्सिजन २ मिलिग्रॅमपर्यंत न्यावा. क्लोरीन द्यावाच लागला, तर टाकीत न ओतता परतीच्या गाळाच्या वाहिनीत (निवळण टाकीत बसलेला गाळ वायुवीजन टाकीत परत नेणाऱ्या नळात), जिथे तो चांगला मिसळेल तिथे द्यावा. प्रणालीतील दर १००० किलो बाष्पशील घन पदार्थांमागे (म्हणजे गाळातील सेंद्रिय भागामागे) दिवसाला २ किलोपासून सुरुवात करावी आणि निवळलेले पाणी गढूळ होऊ लागताच मात्रा कमी करावी.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे, परंतु अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि क्लोरीनने त्यांची हानी झाल्यास ती भरून यायला वेळ लागतो, हे विसरू नये. येणाऱ्या पाण्यातील बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण १००:५:१ आहे का, तेही तपासावे. पोषकद्रव्ये कमी पडली किंवा सल्फाइड जास्त आले, तरी तंतू वाढतात आणि तेव्हा नुसती हवा वाढवून भागत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. अमोनियाची मर्यादा आम्हाला कडक असल्याने प्रथम हवाच वाढवतो. परिणाम कधी दिसेल?

उत्तर १:
गाळाचे वय (गाळ प्रणालीत सरासरी जितके दिवस राहतो तो काळ) १० दिवस असेल, तर २० ते ३० दिवस थांबावे लागेल, कारण जुने तंतू रोज काढून टाकल्या जाणाऱ्या जास्तीच्या गाळाबरोबरच बाहेर पडतात. तोपर्यंत निवळण टाकीतील गाळाची पातळी दर पाळीत मोजावी. गाळ पाण्याबरोबर वाहून जाण्याची वेळ आली, तरच क्लोरीन हाती घ्यावा.